आईच्या छातीतली झडप

पातळी ४ | विषय: शरीर आणि विज्ञान | वाचायला लागणारा वेळ: साधारण २० मिनिटं

वाचण्याआधी

१. उजव्या हाताची दोन बोटं डाव्या मनगटावर ठेवा. एका मिनिटात किती ठोके मोजता आले? आकडा वहीत लिहून ठेवा, नंतर लागेल.
२. तुमच्या घरात कोणी रोज न चुकता गोळी घेतं का? कशासाठी, ते तुम्हाला माहीत आहे का?
३. 'झडप' हा शब्द ऐकलाय का? मांजर उंदरावर 'झडप घालतं', ती झडप वेगळी. या पाठातली झडप म्हणजे एकाच बाजूला उघडणारं छोटं दार. इंग्रजीतून आलेला 'व्हॉल्व्ह' हा शब्दही आपण वापरतो.

१. एकेरी वाहतूक

मी तुआसला काम करतो. सिंगापूरच्या नकाशावर पश्चिमेचं अगदी शेवटचं टोक म्हणजे तुआस. हिरव्या एमआरटी लाइनचं शेवटचं स्टेशन तुआस लिंक, तिथे मी रोज उतरतो. पलीकडे समुद्रावरून मलेशियाला जाणारा पूल, अलीकडे कारखानेच कारखाने. त्यातल्या एका कारखान्याचं सॉफ्टवेअर मी आणि माझी टीम सांभाळतो. कुठला पंप कधी तपासायचा, कुठला व्हॉल्व्ह कधी बदलायचा, याची सगळी नोंद आमच्या सिस्टिममध्ये असते. तारीख चुकली की स्क्रीनवर लाल दिवा लागतो.

आपलं हृदयसुद्धा एक पंपच आहे. त्यात चार कप्पे असतात आणि चार झडपा. झडपेचं काम एकच: रक्ताला पुढे जाऊ द्यायचं, मागे येऊ द्यायचं नाही. म्हणजे एकेरी वाहतूक! मिनिटाला ७२ ठोके धरले, तर दिवसाला १,०३,६८० ठोके होतात. प्रत्येक ठोक्याला झडपा उघडतात आणि मिटतात. रविवारी सुट्टी नाही, दिवाळीला नाही.

माझ्या आईच्या हृदयातल्या चार झडपांपैकी तीन तिच्या स्वतःच्या आहेत. चौथी माणसांनी बनवलेली आहे.

२. कराड ते पुणे

आमचं घर कराडजवळच्या एका गावात. आई लहान असताना तिचा घसा सारखा दुखायचा. मग एकदा मोठा ताप आला, गुडघे आणि घोटे सुजले. पंधरा-वीस दिवसांत ती बरी झाली आणि सगळे विसरून गेले.

पण तो साधा ताप नव्हता. त्याला ऱ्हुमॅटिक फिव्हर म्हणतात, मराठीत संधिवाताचा ताप. घशात एका प्रकारचे जंतू शिरतात. त्यांच्याशी लढताना शरीराची गल्लत होते आणि ते स्वतःच्याच सांध्यांवर आणि हृदयाच्या झडपांवर हल्ला करतं. सांधे बरे होतात. झडपा मात्र हळूहळू जाड आणि ताठ होत जातात. हा ताप बहुतेक करून ५ ते १५ वर्षांच्या मुलांना येतो. घसादुखीवर वेळेत योग्य औषध मिळालं तर तो टाळता येतो. सिंगापूरमध्ये आता तो क्वचितच दिसतो. भारतात मात्र अजूनही आहे.

आईला त्रास सुरू झाला तो तिशीनंतर. विहिरीवरून पाण्याची घागर आणताना दम लागायचा. रात्री आडवं झालं की श्वास कोंडायचा, मग ती भिंतीला टेकून बसून झोपायची. १९९८ साली पुण्याला तिचं ऑपरेशन झालं. मी तेव्हा चौथीत होतो. डाव्या बाजूची, 'मायट्रल' नावाची झडप काढून तिथे नवी झडप बसवली.

ती घरी आली तेव्हा मी तिच्या पाठीला कान लावला. आतून हलकासा आवाज आला: टक्, टक्, टक्.

"आई, तुझ्यात घड्याळ आहे!" मी म्हणालो.

"हो रे, आणि त्याला चावी द्यायची रोज," आई म्हणाली. चावी म्हणजे गोळी. ते मला फार उशिरा कळलं.

३. झडप कोणी बनवली?

पहिली यशस्वी कृत्रिम मायट्रल झडप १९६० साली अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात बसवली गेली. ती दोन माणसांनी मिळून बनवली होती. एक होते तरुण सर्जन अल्बर्ट स्टार, दुसरे निवृत्त इंजिनिअर लोवेल एडवर्डस. एडवर्डस यांना खरं तर संपूर्ण कृत्रिम हृदय बनवायचं होतं. स्टार म्हणाले, आधी एक झडप तर बनवूया! ती झडप म्हणजे एक छोटा पिंजरा आणि त्यात वरखाली होणारा चेंडू. सुरुवातीच्या पेशंटपैकी एक जण पुढे दहा वर्षं जगला. नंतरच्या काही पेशंटच्या हृदयात तर अशा झडपा चाळीसहून जास्त वर्षं चालल्या.

परदेशी झडपा भारतात फार महाग पडायच्या. म्हणून केरळात, तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन आणि त्यांच्या इंजिनिअर सहकाऱ्यांनी स्वतः झडप बनवायचं ठरवलं. पहिली तीन मॉडेल्स फसली. एका मॉडेलमध्ये कृत्रिम नीलमण्याची चकती होती. ती मेंढीच्या हृदयात बसवून पाहिली, तर फुटली. चौथ्या मॉडेलमध्ये कडी कोबाल्ट-क्रोमियमच्या मिश्रधातूची आणि चकती एका चिवट प्लास्टिकची. हेच प्लास्टिक कृत्रिम खुब्याच्या सांध्यातही वापरतात. ही झडप ६ डिसेंबर १९९० रोजी पहिल्यांदा माणसाच्या हृदयात बसवली गेली. तिचं नाव चित्रा व्हॉल्व्ह. आजपर्यंत एक लाखाहून जास्त चित्रा व्हॉल्व्ह बसवले गेले आहेत. आईच्या छातीत त्यातलाच एक आहे.

आता थोडं गणित. वर्षाला साधारण ३ कोटी ७८ लाख ठोके. सत्तावीस वर्षांत? शंभर कोटींच्या वर! इतक्या वेळा ती चकती उघडली आणि मिटली. आमच्या कारखान्यातला एकही व्हॉल्व्ह इतका टिकत नाही.

४. धातूची की प्राण्याची?

कृत्रिम झडपा मुख्यतः दोन प्रकारच्या असतात.

*यांत्रिक झडप.* ही धातू, कार्बन किंवा टणक प्लास्टिकची असते. बहुतेक वेळा आयुष्यभर टिकते. पण रक्ताला ती परकी वाटते. तिच्यावर रक्ताची गुठळी होऊ शकते. म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळी आयुष्यभर घ्यावी लागते.

*जैविक झडप.* ही गाईच्या हृदयावरच्या पातळ आवरणापासून किंवा डुकराच्या झडपेपासून बनवतात. त्यावर प्रक्रिया केलेली असते. तिच्यासाठी सहसा आयुष्यभर ती गोळी लागत नाही. पण ती झिजते. साधारण दहा ते वीस वर्षांनी पुन्हा बदलावी लागू शकते, आणि पेशंट जितका तरुण तितकी ती लवकर झिजते.

म्हणून तरुण पेशंटला बरेचदा यांत्रिक आणि सत्तरीच्या आसपासच्या पेशंटला बरेचदा जैविक झडप सुचवतात. आता काही पेशंटना छाती न उघडता, मांडीतल्या रक्तवाहिनीतून नळी घालूनही झडप बसवता येते. हे पहिल्यांदा २००२ साली फ्रान्समध्ये अलँ क्रिबिए या डॉक्टरांनी केलं.

एक गंमत सांगतो. सिंगापूरच्या पश्चिम टोकाला तुआस, तर पूर्व टोकाला चांगी. चांगीच्या बाजूला एक कारखाना आहे, तिथे जैविक झडपा बनतात. त्यांचे टाके यंत्र नाही, माणसं हाताने घालतात, एक एक करून. त्या कंपनीचं नाव एडवर्डस. हो, तेच ते निवृत्त इंजिनिअर!

५. माठाची भाजी

मागच्या वर्षी आई तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आली. माझी मुलगी आठ वर्षांची आहे, तिचा जन्म इथलाच. आजी आली म्हणून ती हरखून गेली. रोज रात्री आजीच्या पाठीला कान लावून ठोके मोजायची, अगदी मी मोजायचो तसे.

दुसऱ्याच दिवशी आई बायकोबरोबर बाजारात गेली आणि आनंदाने ओरडलीच, "अगं, हा तर माठ!" इथे ज्याला बायम म्हणतात, ती आपली माठाची पालेभाजी. लाल आणि हिरवी, दोन्ही. मग काय, रोज माठ. लसणाची फोडणी, वर ओलं खोबरं. आम्ही सगळे बोटं चाटत जेवायचो.

आता इथे थांबा आणि एक गोष्ट समजून घ्या. आईची गोळी रक्त लवकर गोठू देत नाही. ती 'के' जीवनसत्त्वाच्या विरुद्ध काम करते. पालेभाज्यांमध्ये 'के' जीवनसत्त्व भरपूर असतं. म्हणजे गोळी एका बाजूला ओढते आणि पालेभाजी दुसऱ्या बाजूला. रस्सीखेच! दोन्ही बाजू रोज सारख्या असल्या तर काही बिघडत नाही. एक बाजू अचानक जड झाली की गडबड होते.

ही रस्सीखेच मोजायला आयएनआर नावाची रक्ताची तपासणी असते. गोळी न घेणाऱ्या निरोगी माणसाचा आकडा १ च्या आसपास असतो. आईला डॉक्टरांनी २.५ ते ३.५ च्या मध्ये राहायला सांगितलंय. आकडा फार खाली गेला तर गुठळी व्हायची भीती. फार वर गेला तर रक्तस्राव व्हायची भीती.

गावाकडे आई दर महिन्याला तपासणी करायची. इथे आल्यावर मी म्हणालो, "आधी जरा फिरून घे, मग करू." तीन आठवडे गेले.

आणखी एक चूक झाली. आई गोळी रात्री नऊला घ्यायची, गावाकडच्या नऊला. तिचं घड्याळ अजून भारताच्याच वेळेवर होतं. तिथले नऊ म्हणजे इथले साडेअकरा. निदान दोनदा तरी ती त्याआधीच झोपून गेली.

एका सकाळी चहाचा कप तिच्या हातातून सुटला. मला वाटलं, निसटला असेल. पण तिने काहीतरी सांगायचा प्रयत्न केला आणि शब्द ओळखू येईनात. तोंडाची एक बाजू किंचित खाली ओढली होती. माझ्या काळजाचा ठोका चुकला. मी नुसता उभा राहिलो. माझी मुलगी म्हणाली, "बाबा, ९९५!" शाळेत तिला शिकवलं होतं. मी फोन केला.

ॲम्ब्युलन्स येईपर्यंत आईचं बोलणं बरंचसं परत आलं होतं. हॉस्पिटलमध्ये आयएनआर आला १.६. एक लहानशी गुठळी मेंदूकडे गेली असावी आणि आपोआप विरघळली असावी, असं डॉक्टर म्हणाले. थोडक्यात निभावलं. त्यांनी विचारलं, "गोळी कुठली?" भारतात बऱ्याच जणांना ॲसिनोकूमारॉल देतात. वॉर्फरिन ही तिची सख्खी बहीण, पण दोघींचे मिलिग्रॅम सारखे नसतात. एकीच्या जागी दुसरी तेवढ्याच मापाने घेतली तर घोटाळा होतो. मला गोळीचं नावही सांगता येईना. आईनेच पिशवीतून वही काढली. सत्तावीस वर्षांच्या नोंदी, तारीख आणि आकडा, तिच्या वळणदार अक्षरात. शेवटची नोंद कराडची होती. पुढचं पान कोरं.

तुआसला मी शेकडो व्हॉल्व्हच्या तारखा सांभाळतो. घरातला एक राहून गेला.

मी डॉक्टरांना म्हणालो, "माठ आता पूर्ण बंद करतो." त्या म्हणाल्या, "बंद करू नका. रोज साधारण सारखीच खाऊ दे. एक दिवस वाटीभर आणि चार दिवस काहीच नाही, असं नको."

६. सांभाळायचं म्हणजे काय?

झडप बदलली की आजार संपला, असं आम्हाला वाटलं होतं. खरं तर तिथून सांभाळणं सुरू होतं. आईच्या वहीच्या आतल्या पानावर आम्ही यादी लिहिली:

• गोळी रोज ठरलेल्या वेळी. प्रवासात वेळ कशी बदलायची, ते निघण्याआधी डॉक्टरांना विचारायचं.
• आयएनआर वेळेवर. नवीन औषध सुरू झालं, आजारपण आलं किंवा खाणं बदललं, तर लगेच.
• डोकं किंवा गुडघा दुखला म्हणून मनाने वेदनाशामक गोळी घ्यायची नाही. काही गोळ्यांमुळे रक्तस्राव वाढतो.
• दात आणि हिरड्या स्वच्छ ठेवायच्या. तोंडातले जंतू रक्तात शिरले तर कृत्रिम झडपेवर घर करू शकतात. दात काढायचा असेल तर दातांच्या डॉक्टरांना झडपेबद्दल आधी सांगायचं.
• कारण नसताना ताप राहिला तर अंगावर काढायचा नाही.
• ठरलेल्या वेळी सोनोग्राफीसारखी 'इको' तपासणी करून झडप नीट उघडते-मिटते का, ते बघायचं.

आता त्या वहीत आकडा माझी मुलगी लिहिते. मराठी आकड्यांत. तिचा ५ अजून उलटा येतो. परवा व्हिडिओ कॉलवर आईने गावाहून सांगितलं, "२.८ आला बरं का!" मुलीने इकडच्या वहीत लिहिलं आणि विचारलं, "आजी, पुढची तारीख?"

शब्दार्थ

| शब्द | अर्थ |
|---|---|
| कप्पा | आतला वेगळा भाग, खण |
| गल्लत होणे | एकाऐवजी दुसरंच समजणे |
| चकती | गोल, चपटा तुकडा |
| चिवट | सहज न तुटणारं |
| गोठणे | पातळ पदार्थ घट्ट होणे |
| गुठळी | गोठलेल्या रक्ताचा गोळा |
| रस्सीखेच | दोरी दोन बाजूंनी ओढण्याचा खेळ |
| रक्तस्राव | रक्त वाहणे |
| वेदनाशामक | दुखणं कमी करणारं |

वाक्प्रचार

• *काळजाचा ठोका चुकणे:* एकदम खूप घाबरणे. बोलताना आपण हृदयाला 'काळीज' म्हणतो.
• *अंगावर काढणे:* औषध न घेता आजार सहन करत राहणे.
• *थोडक्यात निभावणे:* मोठं संकट येता येता टळणे.
• *बोटं चाटत जेवणे:* खूप आवडीने जेवणे.

यातले कुठलेही दोन वाक्प्रचार वापरून तुमच्या आयुष्यातल्या प्रसंगावर दोन वाक्यं लिहा.

व्याकरण: '‑वं लागतं'

एखादी गोष्ट केल्याशिवाय चालत नाही, तेव्हा आपण असं म्हणतो. जो करतो त्याला '‑ला' लागतं आणि क्रियापद कर्माप्रमाणे बदलतं.

• आईला गोळी घ्यावी लागते. (गोळी: स्त्रीलिंग)
• आईला व्यायाम करावा लागतो. (व्यायाम: पुल्लिंग)
• आईला पथ्य पाळावं लागतं. (पथ्य: नपुंसकलिंग)
• आईला दात घासावे लागतात. (दात: अनेकवचन)

रिकाम्या जागा भरा:
१. मला रोज मराठी पुस्तक वाच____ लागतं.
२. बाबांना तुआसला जायला लांबची ट्रेन पकड____ लागते.
३. आम्हाला आजीचे आकडे लिह____ लागतात.

*बोली आणि लेखी:* या पाठात 'केलं, झालं, म्हणालं' अशी बोलीतली रूपं आहेत. वर्तमानपत्रात किंवा पुस्तकात तुम्हाला 'केले, झाले, म्हणाले' अशी रूपं दिसतील. भाग ३ मधली पाच वाक्यं लेखी रूपात लिहून पाहा.

चूक की बरोबर?

१. यांत्रिक झडप बसवली की आयुष्यभर गोळी घ्यावी लागते.
२. झडप बदललेल्या माणसाने पालेभाजी कधीच खायची नाही.
३. जैविक झडप तरुण माणसात जास्त वर्षं टिकते.
४. चित्रा व्हॉल्व्हची पहिली तीन मॉडेल्स यशस्वी झाली नाहीत.

प्रश्न

१. झडपेच्या कामाला लेखक 'एकेरी वाहतूक' का म्हणतो?
२. आईचा आयएनआर १.६ पर्यंत खाली का आला? दोन कारणं सांगा.
३. 'घरातला एक राहून गेला' या वाक्यात लेखकाला काय म्हणायचं आहे? त्याच्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं?
४. तुम्हाला कुठली झडप जास्त चांगली वाटते, यांत्रिक की जैविक? वीस वर्षांच्या आणि पंचाहत्तर वर्षांच्या माणसासाठी वेगवेगळा विचार करा. वर्गात चर्चा करा.

घरी करून बघा

१. पाठाच्या सुरुवातीला मोजलेला आकडा घ्या. तुमच्या हृदयाचे एका दिवसात किती ठोके पडतात? तुमच्या जन्मापासून आजपर्यंत किती? उत्तर लाख आणि कोटींमध्ये लिहा.

२. आजी-आजोबांना किंवा घरातल्या मोठ्या माणसांना मराठीत विचारा: "तुम्ही कुठली गोळी घेता? कशासाठी? कधी घेता? चुकली तर काय होतं?" उत्तरं एका कार्डावर लिहा आणि ते फ्रिजवर लावा. दूर राहत असतील तर फोन करा.

३. ही चार चिन्हं पाठ करा: *चेहरा* एका बाजूला ओढलेला, *हात* उचलता येत नाही, *बोलणं* अडखळतं, आणि मग *वेळ* घालवायचा नाही. ती चिन्हं थोड्या वेळात गेली तरी फोन करायचाच. सिंगापूरमध्ये ९९५, महाराष्ट्रात १०८. तुमच्या देशातला नंबर इथे लिहा: ________

*पालकांसाठी:* हा पाठ भाषा शिकण्यासाठी आहे. औषध किंवा खाण्यात बदल करायचा असेल तर आपल्या डॉक्टरांनाच विचारा. घरात कोणाची झडप बदलली असेल, तर मुलांना त्यांच्याशी याबद्दल मराठीतून बोलू द्या. मुलं घाबरत नाहीत, उलट मदतीला येतात.

*उत्तरं (रिकाम्या जागा):* १. वाचावं, २. पकडावी, ३. लिहावे. *(चूक की बरोबर):* १. बरोबर, २. चूक, ३. चूक, ४. बरोबर.